वॉटरमार्क बघायचं यंत्र: उलटे-आडवे शोधणाऱ्यांनी घ्यावं, बाकीच्यांनी जरा थांबावं

आधीच सांगून टाकतो, यंत्र चांगलं आहे पण ते सगळ्यांसाठी नाहीये. तुमच्याकडे पोस्टाची चार-दोन तिकिटं अशी असतील की कॅटलॉगमधला (तिकिटांच्या सूचीतला) नेमका नंबर वॉटरमार्कवरूनच, म्हणजे कागदातच दडलेल्या खुणेवरूनच ठरणारे, तर काळा ट्रे आणि बेन्झिनची (पेट्रोलियमपासूनचं, लगेच उडून जाणारं द्रव; बेंझीन हे रसायन वेगळं) बाटली एवढ्यावर काम भागतं, उगाच महागातल्या वस्तूच्या मागे लागू नका. पण तुम्ही जर त्या जमातीतले असाल जे एकाच साध्या, कुणी ढुंकूनही न बघणाऱ्या तिकिटाचे ढीग घेऊन बसतात आणि त्यात एखादा उलटा नाहीतर आडवा वॉटरमार्क लपलाय का ते बघतात, तर मग विषय वेगळा. अशांना रोज शेकड्याने तिकिटं बघायची असतात, त्यातली बरीचशी मागे डिंक असलेली मिंट, म्हणजे कोरी, आणि प्रत्येक वेळी ते थेंब टाका, बघा, वाळवा हे करत बसलं की संध्याकाळ संपते आणि डोकं पण चढतं.

तर हे यंत्र म्हणजे ते दाबाचं आणि प्रकाशाचं जे असतं ना ते. तिकीट पालथं घालायचं, वर एक जाड काचेचा ठोकळा येतो, खटका दाबला की काच तिकिटावर घट्ट बसते आणि काचेच्या कडेने एलईडीचा प्रकाश आत सोडलेला असतो. थेंब नाही, वास नाही, वाळवणं नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीची जी मशीन मिळतात त्यांचं आतलं तत्त्व एकच आहे आणि मी जे बरंवाईट लिहितोय ते त्या तत्त्वाबद्दल आहे, कुणा एका कंपनीबद्दल नाही.

तत्त्व समजून घेतलं तर कुठे चालेल आणि कुठे नाही हे आपोआप कळतं म्हणून थोडं सांगतो. कागद अजून ओला लगदा असताना त्याच्यावरून जाळीचा एक रोल फिरतो, डँडी रोल म्हणतात त्याला, आणि त्या रोलवर तारेचे छोटे छोटे आकार बसवलेले असतात, मुकुट, तारा, अक्षरं, काय हवं ते. ते आकार लगद्यात दबतात आणि तिथे कागद किंचित पातळ होतो. बस, वॉटरमार्क म्हणजे एवढंच, शाई नाही काही नाही, नुसता पातळपणा. आता हा पातळपणा बघायचे दोन रस्ते. एक, कागद आरपार दिसेल असा करायचा, म्हणजे बेन्झिन. ते कागदाच्या तंतूंमधल्या हवेच्या जागी जाऊन बसतं, कागद पारदर्शक व्हायला लागतो आणि जिथे पातळ आहे तिथून खालच्या ट्रेचा काळा रंग जास्त दिसतो. दुसरा रस्ता म्हणजे कागदाच्या पाठीवरचा बारीक उंचसखलपणा पकडायचा. यंत्र हेच करतं, काच दाबली की जिथे कागद काचेला टेकतो तिथे प्रकाश वेगळा उमटतो आणि जिथे खोलगट आहे तिथे वेगळा, म्हणून आकार दिसतो.

यातून एक फायदा निघतो जो मला सगळ्यात मोठा वाटतो. यंत्र फक्त पाठ बघतं, पुढच्या चित्राच्या रंगाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. पिवळी आणि नारिंगी तिकिटं ज्यांनी ट्रेमध्ये बघितलीत त्यांना कळेल मी काय म्हणतोय, कितीही बेन्झिन ओता, नुसतं पिवळट काहीतरी दिसतं आणि आपण डोळे बारीक करून स्वतःची समजूत घालतो की हां हां मुकुटच आहे. यंत्रात पिवळं आणि निळं सारखंच. जुन्या काळी यावर रंगीत फिल्टरचे डबे मिळायचे, तिकिटाच्या रंगाप्रमाणे फिल्टर फिरवायचा आणि रंग मारून टाकायचा, त्या सगळ्या भानगडीची इथे गरजच पडत नाही.

दुसरा फायदा शाईचा. फोटोग्रॅव्हूर छपाईची काही तिकिटं अशी असतात की बेन्झिन लागलं की रंग सुटतो. बरेच जण डिंकाचीच काळजी करत बसतात, डिंकाला बेन्झिनने सहसा काही होत नाही, तो पाण्याने जातो, पण शाईचं काय. यंत्रात हा प्रश्नच नाही. शिवाय बेन्झिन भडकन पेटणारी वस्तू आहे, खिडकी उघडी पाहिजे, जवळपास ज्योत नको, हे सगळं सांभाळायला लागत नाही. पूर्वी तर लोक कार्बन टेट्राक्लोराईड वापरायचे, जे पेटत नाही म्हणून चांगलं समजायचे आणि नंतर कळलं की लिव्हरची वाट लावतं. ज्यांच्याकडे जुन्या संग्रहाबरोबर जुनी बाटली आलीये त्यांनी ती उघडूच नका.

आता प्रत्यक्ष तिकिटांवर कसं चालतं ते.

सगळ्यात मजा आली इंग्लंडच्या वाइल्डिंग सिरीजवर, राणी एलिझाबेथच्या तरुणपणीच्या चेहऱ्याची छोटी तिकिटं. यात चित्र तेच राहून वॉटरमार्क तीन वेगवेगळे आलेत. १९५२ ला ट्यूडर मुकुट आणि ई टू आर ही अक्षरं, १९५५ पासून सेंट एडवर्ड मुकुट आणि तीच अक्षरं, आणि १९५८ पासून नुसते मुकुटच मुकुट, अक्षरं गायब. तिसरा प्रकार ओळखायला काही लागत नाही, अक्षर दिसलं नाही की झालं. पहिला आणि दुसरा मात्र छळतात. ट्यूडर मुकुटाची कमान वर गोल चढत जाते आणि सेंट एडवर्डची मधोमध खाली दबलेली असते, एवढाच काय तो फरक, आणि तिकीट एवढंसं, त्यावर मुकुट कधी अर्धाच येतो, कधी नेमका कडेच्या दात्यांमध्ये कापला जातो. ट्रेमध्ये बेन्झिन उडून जायच्या आत हे ठरवायचं म्हणजे कसरत. यंत्रात खटका दाबलेला ठेवा आणि भिंग लावून निवांत बघा, चित्र कुठे पळून जात नाही. तो मधला खड्डा दिसला की दिसला. कधी प्रकाश थोडा कमी केला तर जास्त उठून दिसतो, म्हणून ब्राइटनेसचं चाक असलेलंच मॉडेल घ्या, नुसतं चालू-बंद बटण असलेलं घेऊ नका, हा माझा आग्रहच समजा.

आणि याच सिरीजमध्ये उलटे आणि आडवे भरपूर मिळतात. बुकलेटसाठी, म्हणजे तिकिटांच्या छोट्या पुस्तिकांसाठी, शीट छापताना काही पानं उलटी मांडलेली असायची म्हणून बुकलेटमधली साधारण अर्धी तिकिटं उलट्या वॉटरमार्कची निघतात, आणि कॉइलच्या, म्हणजे गुंडाळीतल्या, काही तिकिटांना तो आडवा येतो. म्हणून उलटा दिसला की लगेच नाचू नका. विकणारे लोक उलटा वॉटरमार्क असं मोठ्या अक्षरात लिहितात जणू काही खजिना, आणि खरेदी करणारा बघतच नाही की त्या तिकिटाला उलटा हाच अगदी नेहमीचा प्रकार आहे. खरी किंमत असते शीटमधल्या तिकिटाला उलटा आला तर, म्हणजे छापताना कागदच उलटा सरकवला गेला तेव्हा. वॉटरमार्कमधला कुठला प्रकार दुर्मिळ आणि कुठला नेहमीचा हे यंत्र सांगत नाही, ते कॅटलॉग सांगतो, आणि त्यासाठी स्पेशलाइज्ड कॅटलॉगच लागतो, साध्यात हे नसतंच.

भारताची १९५७ ची नव्या पैशांची नकाशाची सिरीज आठवते का, छोटी, भारताचा नकाशा असलेली? आधी ती अनेक ताऱ्यांच्या वॉटरमार्कच्या कागदावर आली आणि १९५८ पासून अशोकस्तंभाच्या. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखीच. यंत्रात तारा आणि सिंह यात गोंधळ व्हायचं कारणच नाही, ढीगच्या ढीग पटापट दोन भागात होतो. वापरलेल्या तिकिटांवर मात्र काळ्या शिक्क्याचा जोरदार ठसा बसलेला असेल तर तो ठसा पाठीवर पण उमटतो आणि यंत्र बिचारं तो पण इमानदारीने दाखवतं, मग सिंहाच्या अंगावरून गोल रेघ गेलेली दिसते. चालतं तेवढं.

ब्रिटिश वसाहतींच्या तिकिटांवर, म्हणजे क्राउन एजंट्सच्या (वसाहतींसाठी तिकिटं छापून घेणारी लंडनची कचेरी, सीए हे तिचंच लघुरूप) कागदावर, यंत्राने मन जिंकलं. १९०४ पासूनचा मल्टिपल क्राउन सीए आणि १९२१ पासूनचा मल्टिपल स्क्रिप्ट सीए, एक उभ्या छापील अक्षरांचा आणि दुसरा तिरक्या हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांचा. पंचम जॉर्जच्या काळात कितीतरी वसाहतींची तिकिटं आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या कागदावर आलीत, चित्र तेच, रंग तोच. आणि मग ती प्रसिद्ध चूक, १९५० च्या आसपास डँडी रोलवरचा एक मुकुट निघून पडला, त्यामुळे काही तिकिटांत मुकुटाची जागाच रिकामी, आणि नंतर दुरुस्त करताना तिथे वेगळाच मुकुट, सेंट एडवर्डचा, बसवला गेला. कॅटलॉगमध्ये दोन्हींची वेगळी नोंद आहे आणि भाव विचारू नका. हे शोधायला तिकिटावरचा प्रत्येक मुकुट मोजून बघावा लागतो, कारण एका तिकिटावर जेमतेम काही मुकुट येतात आणि त्यातला एखादाच चुकीचा असतो. ट्रेमध्ये हे शक्य आहे पण जीव काढतं. यंत्रात एका ढिगावर एका बैठकीत नजर फिरवता येते. मला मुकुट गायब असलेला मिळालेला नाही, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर लोक विचारत बसतात.

कुठे कमी पडतं?

अमेरिकेची जुनी तिकिटं. १८९५ ते १९१० च्या आसपास दुहेरी रेघेची यूएसपीएस अक्षरं होती, ती मोठी, ठळक, यंत्रात लख्ख दिसतात. १९१० नंतर १९१६ पर्यंत एकेरी रेघेची आली आणि ती अक्षरं इतकी फिकट की अनुभवी लोक पण वादावादी करतात. त्यात एका तिकिटावर एखाद्या अक्षराचा तुकडाच येतो, एसचं पोट नाहीतर पीची दांडी. इथे यंत्र कधी हो म्हणतं, कधी नाही म्हणतं, खटका सोडून परत दाबला तर भलतंच दिसतं. अशा वेळी मी सरळ बेन्झिनकडे जातो आणि त्यातही नाही दिसलं तर पाठ स्कॅन करून कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट वाढवून बघतो. तसं १९३८ च्या सिरीजमधलं एक डॉलरचं विल्सनचं तिकीट १९५१ मध्ये चुकून महसुली तिकिटांच्या कागदावर छापलं गेलं, त्यात यूएसआयआर अक्षरं येतात, ती मात्र यंत्रात व्यवस्थित दिसतात. तो प्रकार शोधत असाल तर डॉलरची तिकिटं एकेक करून दाबा.

खोदीव छपाईची तिकिटं हा दुसरा त्रास. ही तिकिटं छापताना कागद इतका दाबला जातो की चित्राच्या रेघा पाठीवर हाताला लागतात. आता यंत्राला उंचसखल तेवढं कळतं, ते राजाची दाढी पण दाखवतं आणि वॉटरमार्क पण दाखवतं, दोन्ही एकावर एक. डोळ्याला सवय झाली की दाढी वजा करता येते पण नवख्याला हे झेपणार नाही. जुन्या हिंजचा (अल्बममध्ये तिकीट लावायच्या डिंकाच्या कागदी पट्टीचा) तुकडा चिकटलेला असेल तरी तेच, त्या जागी काच टेकतच नाही आणि मधोमध काळा डाग. आणि धुळीचा एक कण! काचेखाली धुळीचा कण गेला की तो चक्क वॉटरमार्कचा तुकडा वाटतो. काच पुसायला मऊ फडकं हाताशी ठेवा आणि बोटं लावू नका.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र डिंकाबद्दल. हवा दमट असेल तर मिंट तिकिटाचा डिंक ओलसर होतो आणि यंत्र म्हणजे दाब, दाब म्हणजे चिकटणं. खटका उचलला आणि तिकीट काचेला चिकटून वर आलं, की पुढे अगदी हळू, चिमट्याने कोपरा सोडवत, श्वास रोखून काढावं लागतं, आणि डिंकावर काचेचा चकचकीत चट्टा पडला तर ते तिकीट मग तसं मिंट म्हणून विकताना समोरचा नाक मुरडतो. माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नाही, सगळीकडे डिंकाला सुरक्षित, डिंकाला सुरक्षित. द्रव लागत नाही म्हणून सुरक्षित हे खरं, पण दाबाचं काय ते कोणी बोलत नाही. दमट दिवसात मी मिंट तिकिटं यंत्रात घालतच नाही. तसंच गोळा झालेलं, कुरळं झालेलं तिकीट जोरात दाबू नका, मधोमध घडी पडते आणि ती परत जात नाही.

आता जरा वॉटरमार्कच्या दिशेबद्दल बोलू, कारण यंत्र घेतलं आणि इथे गंडले असे लोक भरपूर आहेत. कॅटलॉगमध्ये नॉर्मल, उलटा, आरशातला वगैरे जे लिहिलेलं असतं ते गिबन्सच्या (इंग्लंडचा प्रसिद्ध तिकीट कॅटलॉग) पद्धतीत तिकीट समोरून बघितल्यासारखं धरलेलं असतं, आणि आपण यंत्रात बघतो पाठीमागून. म्हणून पालथ्या तिकिटाची वरची कड वरच ठेवून बघा, पुस्तकाचं पान उलटतो तसं डावीकडून उजवीकडे पालथं घाला, वरून खाली नाही. मग सीए ही अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी दिसली आणि मुकुट वर असला तर तो नॉर्मल. मागून बघताना अक्षरं सरळ वाचता आली आणि मुकुट वर, तर तो रिव्हर्स्ड, म्हणजे छापताना कागदाची बाजूच चुकली. मुकुट खाली आणि अक्षरं आरशातली तर इन्व्हर्टेड, म्हणजे उलटा. मुकुट खाली आणि तिकीट फिरवलं की अक्षरं सरळ वाचता येतात तर इन्व्हर्टेड अँड रिव्हर्स्ड. आणि आडव्याची गंमत बघा, तिथे मुकुट डावीकडे की उजवीकडे हे कॅटलॉग कधीकधी पाठीमागून बघितल्याप्रमाणे सांगतो! एकाच पुस्तकात दोन नियम. यंत्राच्या पुस्तिकेत एवढं एक पान जरी घातलं असतं ना, तर अर्ध्या नवख्यांचे वाद मिटले असते.

आणि ज्या वॉटरमार्कचा डावा-उजवा भाग सारखाच असतो, नुसता मुकुट किंवा पाच टोकांचा तारा, त्यात रिव्हर्स्ड हा प्रकार ओळखताच येत नाही, यंत्र कितीही भारी असलं तरी. उलटा तेवढा कळतो, ताऱ्याचं टोक खाली दिसलं की झालं. हे न समजून काही जण ताऱ्याचा रिव्हर्स्ड म्हणून भाव सांगतात, हसावं की रडावं.

बेन्झिनला एक गोष्ट येते जी यंत्राला येत नाही आणि म्हणून मी बाटली फेकून दिलेली नाही. दुरुस्त केलेलं तिकीट. पाठीवर पातळ झालेली जागा, लपवलेली घडी, चिकटवून जोडलेला दात, हे सगळं बेन्झिनमध्ये काळं होऊन उघडं पडतं. यंत्र पातळ जागा दाखवतं कधीकधी, पण कोणी ती भरून, सपाट करून ठेवली असेल तर पाठ एकसारखी दिसते आणि यंत्र फसतं. महागातलं तिकीट घेताना मी बेन्झिनशिवाय घेत नाही, अर्थात शाईचा विचार करून.

जाता जाता, नुसतं बघायची मजा पण आहे यात. भारताचा १८६५ चा हत्तीचं डोकं असलेला वॉटरमार्क यंत्रात काय सुंदर दिसतो, अख्ख्या तिकिटावर एकच मोठा हत्ती. जमैकाच्या १८६० च्या तिकिटांत अननस, टोंगाच्या १८९७ च्या तिकिटांत कासव, त्रावणकोरच्या तिकिटांत शंख, कोचीनच्या तिकिटांत छत्री, आणि व्हॅटिकनच्या तिकिटांत एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या किल्ल्या. ही तिकिटं वर्षानुवर्षं अल्बममध्ये पालथी कधी झालीच नाहीत अशी किती जणांकडे पडलेली असतील.

मोठ्या तिकिटांचं आणि चार जोडलेल्या तिकिटांच्या ब्लॉकचं सांगायचं राहिलं. खिडकी छोटी असलेलं मॉडेल घेतलंत तर ब्लॉक बसत नाही, कडा बाहेर राहते आणि दाब नीट पडत नाही, आणि नेमकी कड हवी असते. पाकिटावर चिकटलेल्या तिकिटाचा वॉटरमार्क बघायला याचा काहीच उपयोग नाही, ती आशा ठेवू नका. सेलवर चालणारं घेत असाल तर सेल कमी झाल्याचं ते सांगत नाही, नुसता प्रकाश हळूहळू मंद होत जातो आणि तुम्हाला वाटतं की हा कागदच बिनवॉटरमार्कचा आहे, त्यामुळे ज्या तिकिटाचा वॉटरमार्क तुम्हाला पक्का माहीत आहे असं एक तिकीट शेजारी ठेवा आणि अधूनमधून ते दाबून बघा. सेकंडहँड मिळत असेल तर आधी काच उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा, काच खराब असेल तर बाकी काही विचारायचीच गरज नाही.